रुमानियाबुवांची राहिलेली आरती

कीर्तनाला उभे असताना रुमानियाबुवा कधी खोटं बोलले नाहीत. त्याची सगळी भरपाई ते गादीवरून खाली उतरल्यावर करत. एसटीत जागा नसली की आपण कलेक्टरसाहेबांच्या कामाला निघालो आहोत असं सांगून जागा मिळवत. यजमानाच्या घरचं वांगं फार तेलकट दिसलं की त्यांना एकाएकी उपास आठवे. वय विचारलं तर समोरच्याचा अंदाज घेऊन ते पन्नास ते सत्तरमधला कुठलाही आकडा देत. पण एकदा अंगरखा चढवून, डोक्याला फेटा बांधून, हातात चिपळ्या घेतल्या की हाच माणूस एका शब्दाचाही खोटेपणा करत नसे. "नारदाच्या गादीवरून खोटं बोलायचं नाही, पेटी," ते मला सांगत, "खाली उतरल्यावर बघू."

पेटी म्हणजे मी. तेव्हा मी नगरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि सुट्ट्या मिळतील तशा बुवांच्या मागे हार्मोनियम वाजवत हिंडायचो. सहा वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. तबलजीला ते डग्गा म्हणत. त्यांना स्वतःला सगळा जिल्हा रुमानियाबुवा म्हणे आणि त्यांचं खरं नाव फक्त त्यांच्या रेशनकार्डाला ठाऊक होतं, म्हणून आमची फिटंफाट होती.

हे नाव त्यांना का पडलं ते सांगतो. कीर्तनाच्या पूर्वरंगात अभंगाचं निरूपण करायचं आणि उत्तररंगात एक आख्यान लावायचं, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. दुसरे बुवा आख्यानाला हरिश्चंद्र घेत, ध्रुव घेत, नाहीतर एखादा किल्ला सर करत. आमचे बुवा रुमानियाच्या राजाचं आयुष्य सांगत. पूर्वरंगात तुकोबांचा अभंग, मध्यंतरात बुक्का आणि हार, आणि मग चिपळ्यांचा एक ठोका देऊन ते म्हणत, "राजा झाला तेव्हा त्याचं वय होतं वर्षे पाच." मांडव एकदम गप्प होई. हा रुमानिया आहे तरी कुठे, असं कुणी विचारलं तर बुवा सांगत, "मुंबईला बोटीत बसायचं आणि विचारत विचारत जायचं."

हा राजा त्यांना नगरच्या लष्करी कॅम्पात सापडला. इंग्रज गेले तेव्हा साहेबांच्या सामानाचे लिलाव झाले. बुवांनी त्यात एक पत्र्याची ट्रंक घेतली, तर आत इंग्रजी सचित्र मासिकांचा गठ्ठा निघाला. त्यात एका पोराचं चित्र होतं. मोठमोठे मिशाळ सरदार भोवती उभे आणि मध्ये हे एवढंसं पोर राजा म्हणून. बुवांचं इंग्रजी मॅट्रिकला तीनदा बसून आलेलं, त्यामुळे पक्कं होतं. त्यांनी ते सगळं वाचून काढलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं ते शहरातल्या वाचनालयात जाऊन राजाची बातमी शोधत राहिले. ती कात्रणं मेणकापडात गुंडाळलेल्या एका वहीत चिकटवलेली असत. वाचनालयाची वर्तमानपत्रं कापली कुणी, हे त्यांना गादीवर उभं असतानाच विचारायला हवं होतं. तसं कधी जमलं नाही.

आख्यान मात्र फार गोड रंगे. राजाचा बाप एका बाईच्या नादाने राज्य सोडून परदेशी निघून गेलेला. आजा वारला तेव्हा गादीवर पोराला बसवलं. तीन वर्षं झाली आणि बाप परत आला. पोराला म्हणाला, उतर खाली, आता मी बसतो. वर त्याच्या आईलाही राज्याबाहेर घालवलं. इथे बायका पदर तोंडाला लावत आणि त्या बापाचा मराठीत उद्धार होई. मग दहा वर्षांनी बापाला पुन्हा पळावं लागलं आणि अठराव्या वर्षी पोरगा दुसऱ्यांदा राजा झाला. त्याने आधी काय केलं, तर आईला परत बोलावून घेतलं. बुवांच्या कथेतली दान्यूब नदी "आपल्या गोदावरीसारखीच, पण पाणी असलेली" होती. राजवाड्यात सकाळी न्याहारीला काय असे, ते मात्र ते सांगत नसत. मासिकात दिलेलं नव्हतं.

आई परत येण्याच्या जागी बुवांची एक ठरलेली लकब होती. मला हाताने खूण करून ते भैरवीचे सूर धरायला लावत आणि श्रोत्यांकडे पाठ करून फेटा नीट करत बसत. फेटा जागच्या जागी असे. मला वाटे, ही श्वास घ्यायची युक्ती आहे. जुन्या कीर्तनकारांकडे अशा युक्त्या पुष्कळ असतात.

एकदा अकोले तालुक्यातल्या एका खेड्यात आख्यान लावलं होतं. तिथे लाल बावट्याचा एक तरुण कार्यकर्ता उभा राहिला. आपल्या राजांचे तनखे नुकतेच बंद झाले होते, त्यामुळे त्याला चांगलाच जोर चढला होता. "बुवा, राजा म्हंजी गरिबाच्या रगतावर जगनारी जळू. आमाला त्याचं कवतिक सांगू नका." बुवांनी चिपळ्या थांबवल्या. "अहो, पाच वर्षांचं पोर आहे. त्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही. ते कुणाचं रक्त पिणार? अठराचं होऊ द्या, मग आपण दोघं मिळून त्याच्याशी भांडू." तेव्हा आख्यान तीन दिवसांचं होतं. राजा अठराचा व्हायची वाट बघत तो तरुण तिन्ही दिवस पहिल्या रांगेत येऊन बसला. तिसऱ्या दिवशी त्याच्याच लोकांनी राजाकडून राज्य सोडल्याच्या कागदावर सही घेतली, तेव्हा तो खाली मान घालून काडीने जमीन उकरत होता. जाताना त्याने आमची पेटी एसटी स्टँडपर्यंत डोक्यावरून आणली.

फेट्याचा उलगडा मला परतीच्या त्याच एसटीत झाला. संगमनेरला गाडी बराच वेळ थांबली होती. बुवा शेंगा सोलत होते. सोलता सोलता म्हणाले, "मी सात वर्षांचा असताना पहिल्यांदा गादीवर उभा राहिलो. स्टुलावर." त्यांचे वडील मोठे नावाजलेले कीर्तनकार. एक नाटक मंडळी गावात आली आणि ते तिच्याबरोबर निघून गेले. घरात दाणा नाही, म्हणून आईने पोराला अंगरखा शिवून उभं केलं. पोराचं कीर्तन लोकांना आवडलं, सुपाऱ्या येऊ लागल्या. दीड वर्षाने आई तापाने गेली. पुढच्या वर्षी वडील परत आले आणि म्हणाले, बाजूला हो, आता मी उभा राहतो. मग बुवा त्यांच्या मागे झांज घेऊन उभे राहू लागले. "पहिल्याच कीर्तनात त्यांनी सांगितलं, मी काशीला होतो, गंगेच्या काठी तप करत होतो. लोकांनी पायावर डोकी ठेवली. मी मागे झांज वाजवत होतो, पेटी. आणि मला माहीत होतं." एवढं बोलून त्यांनी उरलेल्या शेंगा माझ्या हातात दिल्या. "राजाला निदान आई परत आणता आली," ते म्हणाले. आता हा माणूस गादीवर नव्हता, तरी ते सगळं खरं होतं, याची मला खात्री आहे.

मग तो मोठा दुष्काळ आला. शेवगावच्या पुढे एक गाव आहे, तिथे आमचा दरवर्षी सप्ताह असे. गावाचं नाव सांगत नाही, कारण या प्रकरणावर तिथे अजून दोन मतं आहेत. त्या वर्षी विहिरी कोरड्या होत्या. माणसं सडकेच्या कामावर खडी फोडत आणि घरी येऊन मिलोची, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी तांबड्या ज्वारीची, भाकरी खात. दुसरं कुठलंही गाव सप्ताह रद्द करतं. या गावाने केला नाही. मजूर पाचला सुटत, साडेपाचला तसेच धुळीच्या अंगाने मांडवात येत. बुवांनी शेवटचे तीन दिवस राजाला दिले होते; या गावात तो पहिल्यांदाच शेवटापर्यंत जाणार होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही शाळेत उतरलो होतो तिथे, आण्णा पाटील आले. सप्ताहाचं सगळं तेच बघत. चाळिशीचे असतील, बोलायला सरळ माणूस. "बुवा, तुमचा राजा शेवटाला गादीवर बसतो का न्हाई?"

"नाही," बुवा म्हणाले. "त्याला देशाबाहेर काढलाय. परक्या मुलखात राहतो. मध्यंतरी तो," इथे त्यांचा आवाज जरा खाली आला, "पक्षिपालन करत होता."

"म्हंजी?"

"कोंबड्या," मी सांगितलं.

पाटलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बुवा, औंदा पानी न्हाई, दाना न्हाई. त्यात राजा देशोधडीला लावून सप्ता उठवायचा? गावाला बरं न्हाई ते. हरिश्चंद्राला राज्य घावलं, नळाला घावलं. तुमच्याच राजाला काय धाड भरली? त्याला गादीवर बसवा, मंग आरती करा. न्हाई तर फुडल्या सालाला आमाला दुसरे बुवा बघावे लागतील. आजूबाजूची चार गावंबी आमचंच बघून ठरवत्यात, तुमाला ठावं हाय."

आम्हाला ठाऊक होतं. ती पाच गावं गेली तर बुवांच्या वर्षात काही उरत नव्हतं. पाटील गेल्यावर मी लाज सोडून म्हणालो, "बुवा, बसवा की एकदा. रुमानियातून कोण चौकशीला येणार आहे?" बुवा म्हणाले, "तू पेटी वाजव." हे कबूल झालं की मला गप्प बसवलं, ते मला कळेना. दिवसभर ते कात्रणांची वही चाळत राहिले. त्यात राजा कुठे परत गेलेला सापडतो का, असं बघत असावेत.

दुपारी गयाबाई आली. सडकेवर खडी फोडणारी म्हातारी, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. ती अर्ध्या दिवसाची हजेरी बुडवून आली होती. बुवांसमोर भाकरी ठेवून म्हणाली, "बुवा, त्याची आय हाय का जित्ती?"

"आहे. तीही परदेशातच आहे. भेट होते दोघांची."

"बरं झालं," ती म्हणाली. मग बोटावरची चिंधी आवळत, "माझा नामदेव गेला त्याला आठ वर्सं झाली. बापाशी भांडून गेला. कुनी म्हनतं नगरात दिसला, कुनी म्हनतं मनमाडच्या टेसनावर. तुमचा राजा जाईल का वो घरी?" बुवांनी भाकरी पुढे ओढली. ती मिलोची भाकरी त्यांनी सगळी खाल्ली. त्या दिवशी त्यांना उपास आठवला नाही.

संध्याकाळी मांडव भरला. राजाला नावापुरता ठेवून राज्य बळकावलेल्या माजलेल्या सेनापतीला राजाने राजवाड्यात बोलावून पकडलं आणि बापाने पोस्टाची तिकिटं ठेवायला बांधलेल्या तिजोरीच्या खोलीत कोंडलं, इथे टाळ्या पडल्या. मग शेजारच्या मोठ्या राज्याची फौज आली. सही नाही केलीस तर तुझ्या बाजूने उठलेल्या, कैदेतल्या पोरांना गोळ्या घालू म्हणून राजाला धमकावलं. राजाने सही केली आणि आगगाडीत बसून तो गेला. आई बरोबर होती. मी भैरवी धरून बसलो. कोपऱ्यात पाटील तबकात कापूर ठेवून तयार उभे होते. सगळा मांडव बुवांकडे बघत होता.

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "माझ्या वडिलांनी परत आल्यावर गादीवरून सांगितलं होतं की मी काशीला होतो," ते म्हणाले. "ते काशीला नव्हते. मी मागे उभा होतो. तेव्हापासून माझं ठरलेलं आहे. राजा परत गेलेला नाही. मी त्याला इथून नेऊन बसवू शकत नाही. तो परत गेला की मी येईन आणि आरती करीन. तोपर्यंत ही आरती राहिली."

मी पेटीचा भाता सोडून दिला. पाटील तबक घेऊन पुढे आले. "म्हंजी कथा अर्धीच? आमी गावानं काय अर्धी कथा उरावर घिऊन बसायचं?"

तेव्हा बायकांतून गयाबाई उठली. "पाटील, खाली बसा," ती म्हणाली. "आला न्हाई म्हनत्यात तर आला न्हाई. मला आठ वर्सं समदी आला आला म्हनून सांगत्यात. एक मानूस तरी न्हाई म्हनला." तिने पदर डोक्यावर घेतला. "वाट बघू की. बघाया काय लागतंय."

पाटील तबक घेऊन तसेच उभे राहिले आणि मग खरंच खाली बसले. देवाची आरती पुजाऱ्याने रोजच्यासारखी केली. कथेची राहिली.

आता याची गंमत अशी, की अर्धी कथा अंगावर असताना दुसऱ्या बुवांना त्या गावात उभं करता येईना. आधीची आरती झालेली नाही, तर नवं आख्यान लावायचं कसं? त्यामुळे पाटलांना पुढल्या वर्षी रुमानियाबुवांनाच बोलवावं लागलं, त्याच्या पुढल्या वर्षीही, आणि शेजारची चार गावंही मागोमाग आली. ज्या खरेपणाने त्यांचं पोट बुडायचं, त्यानेच ते भरलं. मी एकदा एसटीत न राहवून विचारलं, "बुवा, हे असं होणार हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का?"

"आता मी खाली उतरलोय," बुवा म्हणाले, "कशाला विचारतोस?"

पुढे दरवर्षी आम्ही गावात उतरलो की गयाबाई शाळेशी येऊन उभी राही. बुवा विचारत, "आला का?" ती नकारार्थी मान हलवी. मग ती विचारी, "तुमचा?" बुवा मान हलवत. एवढंच बोलणं. पण ते झाल्याशिवाय बुवा अंगरख्याला हात लावत नसत. पाऊस पुन्हा पडू लागला, विहिरी भरल्या, मिलो लोक विसरले. हे दोघं आपलं विचारत राहिले. एका वर्षी शाळेशी कुणी आलं नाही. बुवा बराच वेळ दारात उभे होते. मग पाटलांनी येऊन सांगितलं, की गयाबाई पौषात गेली आणि नामदेव काही आला नाही. त्या दिवशी बुवांनी आख्यान लावलंच नाही. एक अभंग म्हणून ते खाली बसले.

बुवा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. मी त्यांना दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा डॉक्टरांना त्यांनी आपलं वय बेचाळीस सांगितलं होतं. कात्रणांची वही त्यांनी माझ्या पिशवीत घातली. "लक्ष ठेव," म्हणाले, "त्याचं वय अजून फार नाही." मला त्यांचा फार राग आला होता. एवढ्या बारक्या गोष्टीसाठी दुसऱ्याचा जन्म अडकवून ठेवायचा, याला काय म्हणायचं? पण मी लक्ष ठेवलं. रोज वर्तमानपत्र आलं की आतल्या पानावरच्या परदेशच्या बातम्या आधी वाचायच्या, ही सवय मला त्यांनीच लावली. तिचा आमच्या घरात कुणाला काही उपयोग झाला नाही.

त्या दुष्काळानंतर वीसेक वर्षांनी, माझे केस पिकल्यावर, ती बातमी आली. चार ओळींची. तिकडचं राज्य उलटलं होतं आणि म्हातारा राजा थोड्या दिवसांसाठी आपल्या देशात जाऊन आला होता. मी ती कापून वहीत चिकटवली, पेटी काढली आणि शेवगावची एसटी धरली.

आण्णा पाटील ओसरीवर बाजेवर बसले होते. नजर गेली होती, पण माझा आवाज त्यांनी ओळखला. मी सांगायला तोंड उघडलं तोच ते म्हणाले, "गेला व्हय?"

"गेला."

"गादीवर बसला का?"

"नाही. गादी आता राहिलीच नाही तिथे. म्हातारा झालाय."

"मंग कशाला गेल्ता?"

"घर होतं तिथं."

पाटील बाजेवर सरळ बसले. "लोकं आल्ती का बघाया?"

"रस्ते भरले होते म्हणे."

त्यांनी चाचपडत उशाची टोपी शोधून डोक्यावर घातली आणि सुनेला कापूर आणायला सांगितलं. "मंग म्हना आरती," ते म्हणाले.

मला गाता येत नाही. सहा वर्षं मी नुसती पेटी वाजवली होती. तरी मी ओसरीवर उभा राहिलो आणि जशी येईल तशी आरती म्हटली. पाटील हातांनी ठेका धरत होते. शेवटचं कडवं आलं. तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ केली आणि फेटा नीट करायला हात वर नेला. माझ्या डोक्यावर फेटा नव्हता.